दहा वर्षांचं पाणी

लई मागं एक रान वणव्यात जळालं. सिंहमहाराजांनी प्राण्यांना शब्द दिला, "दहा वर्षं हत्ती रोज पाणी आणेल. कुठं ओतायचं, ते तुम्ही ठरवा." सगळ्यांनी मिळून बिया पेरल्या.

वर्षानं महाराज पाहणीला निघाले, तरी रान काळंच. वानर घाबरलं. "साळूताई, हिरवं दिसलं नाही, तर पाणी बंद! शेजारच्या रानातल्या फांद्या आणून रोवू."

"रोवताना खालचे कोंब मोडतील, बाबा," म्हणत साळू काटे फुलवून वाट अडवून बसली.

महाराज आले, गुरगुरले, "वर्षभरात एवढंच?"

"पाय जपून टाका, महाराज," साळू कापत म्हणाली. "तुमच्या पंज्याखाली आमचं रान आहे."

सिंहानं वाकून पाहिलं. मातीतून पेराएवढे कोंब डोकावत होते. उचललेला पंजा त्यानं हळूच मागं घेतला अन् हत्तीला म्हणाला, "उद्या लवकर ये."