राजाची सुरई आणि बाईची हातोडी

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मी ती या डोळ्यांनी पाहिली. आता ती घडून हजार वर्षं झाली आणि मी आमच्या ओढ्यापलीकडे कधी गेलेलो नाही, पण म्हणून काय झालं?

तर पुष्कळ जुन्या काळी, चीन देशातल्या दोन डोंगरांच्या बेचक्यात एक राज्य होतं. इतकं इवलं, की इथल्या राजानं जांभई दिली तर शेजारच्या राज्यात अंथरुणं पडायची. सोनं नाही, सैन्य नाही. होती ती चिकणमाती आणि कुंभार. राजासुद्धा कुंभारच.

तिथली रीत अशी. भट्टी उघडली की एक बाई प्रत्येक भांड्यावर टिचकी मारायची. नाद खणखणीत आला तर ठीक. बद्द आला, म्हणजे आत चीर आहे. मग तिथंच, चारचौघांत, हातोडी! भांडं कुणाचंही असो.

एकदा तिनं एक नक्षीदार सुरई फोडली आणि लोकांनी तोंडात बोटं घातली. सुरई राजाची होती.

“बाई, दोन महिने खपलो होतो गं तिच्यावर!” राजा म्हणाला.

“तीन महिने खपायचं होतं, महाराज.”

राजा पोट धरून हसला. त्या खापऱ्या त्यानं वाड्याच्या उंबऱ्यात बसवल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसाव्यात म्हणून.

मग काय विचारता! त्या राज्याचं भांडं म्हटलं की मोठमोठे सम्राट टिचकी न मारता घ्यायचे. तिथलं शेंबडं पोरही मान ताठ ठेवून चालायचं, आणि का चालू नये?

राजा गेला, मुलगा गादीवर आला. त्यानं एक भलामोठा रांजण घडवला. बाई आता म्हातारी झाली होती. तिनं टिचकी मारली. बद्द. तिनं हातोडी उचलली.

“आजी, हात आवर! राजाचा रांजण आहे,” एक दरबारी ओरडला.

“ते रांजणाला कुठं ठाऊक?”

“तुला आता ऐकू येत नाही,” राजा म्हणाला आणि त्यानं हातोडी काढून घेतली. “वा, काय नाद!” म्हणत दरबारी माना डोलावू लागले. पुढं प्रधानाचं मडकं तपासायचं राहिलं, मग प्रधानाच्या मेव्हण्याचं. होता होता टिचकीच बंद पडली.

काही वर्षांनी उत्तरेच्या सम्राटानं किल्ल्याला वेढा घातला. आत पाण्याचे शंभर रांजण काठोकाठ भरलेले, म्हणून राजा निर्धास्त. पाचव्या दिवशी पाहतात तो रांजण कोरडे आणि जमीन ओली. सहाव्या दिवशी एकही बाण न सुटता दरवाजा उघडला.

सम्राटानं त्या टिचकीवाल्या म्हातारीला वाड्याच्या दारात बोलावलं आणि तिच्यापुढं आपली लाडकी सुरई ठेवली. “माझी आहे. सांग, कशी आहे?”

भोवती नंग्या तलवारी. म्हातारीनं टिचकी मारली. बद्द. हातोडी नव्हती, म्हणून तिनं सुरई उंबऱ्यावरच आपटली, जुन्या राजाच्या खापऱ्यांवर.

“राज्य घेतलंत,” ती म्हणाली, “आता रीतही घ्या.”

सम्राटानं वाकून एक खापरी उचलली, तिच्यातली चीर पाहिली. मग त्यानं हातोडी शोधून आणवली आणि स्वतः तिच्या हातात दिली.

तात्पर्य: चीर दाखवणाऱ्याचा हात जो धरतो, त्याचं राज्य त्याच चिरेतून गळून जातं.

आता कबुली. वेढा खरा, गळके रांजण खरे, म्हातारी तर शंभर टक्के खरी. आपली सुरई फुटल्यावर पोट धरून हसणारा राजा तेवढा माझ्या पदरचा.