इअरफोनने सांगितलेला समुद्र

विश्वास कोणावर ठेवाल, भरभर बोलणाऱ्यावर की “मला ठाऊक नाही” म्हणणाऱ्यावर?

फार मागे जानू तांडेलाने घरीच बिनबॅटरीचा, स्फटिकाच्या खड्यावर चालणारा रेडिओ जोडला होता. इअरफोन कानाला लावून त्यावर हवामान ऐकूनच तो होडी लोटायचा. एकदा रेडिओच्या जमिनीत पुरलेल्या तारेला पाणी घालायचं राहिलं. माती सुकली आणि आवाज येईना.

“माझ्यापर्यंत काहीच आलं नाही. तसंच सांग त्याला,” खडा म्हणाला.

“म्हणजे मी मुका ठरू?” इअरफोन फणकारला आणि जानूच्या कानात कुजबुजला, “कालच्यासारखंच आहे, तांडेल. समुद्र शांत.”

संध्याकाळी नुसती वल्ही किनाऱ्याला लागली.

तेव्हा वह्या उघडून बसलेल्या मंडळींनो, एवढं ऐका माझं. हिशेब लिहिताना जे ठाऊक नाही, त्याचा रकाना कोराच ठेवा.