शेटजींच्या मापाची डोणी

चुनखडीच्या टेकडीखाली एक गाव होतं. तिथे विसाजीशेट नावाचे तेलाचे व्यापारी आणि त्यांची बायको उमाक्का राहत. गावचं पाणी भलतंच जड. डाळ शिजता शिजत नसे आणि पाण्याच्या भांड्यांना आतून पांढरा थर धरे. बायका चिंचेच्या कोळाने तो घासून काढत.

शेटजींना शौक एकच, गरम पाण्यात बसून राहायचा. त्यासाठी परसात माणूस मावेल एवढी दगडी डोणी होती आणि तिच्याखाली चुलाण. पण डोणीतलं पाणी ओतून देणं शेटजींच्या जिवावर येई. आटेल तेवढं वरून नवं घालायचं, की झालं काम! त्यामुळे डोणीत थरावर थर चढत गेला. शेटजी टेकत तिथे आधी त्यांच्या पाठीचा खळगा उमटला, मग मानेचा, मग एकेका बोटाचा.

उमाक्का चिंचेचा कोळ घेऊन आली. "अहो, आज डोणी घासू द्या. आत दगड वाढतोय, मला भीती वाटते."

"हात लावू नकोस! आता कुठे ती माझ्या मापाची झालीय."

मग शेटजींना गादी टोचू लागली. दुकान सुटलं, जेवणही डोणीतच होऊ लागलं. ते डुलकी घेत तेव्हा डोणीतून बारीक करकर ऐकू येई. पाणी गार झालं तर उठतील, म्हणून उमाक्काने चुलाणातली लाकडं ओढून विझवली. पाणी गार झालंच नाही.

एका सकाळी पाहते तो थर खांद्यांवर चढलेला. तिला रडू फुटलं. तिने दोन्ही हात पुढे केले.

"अजून निघता येईल. धरा मला, उठा!"

शेटजींनी तिच्या हातांकडे पाहिलं, मग परसातल्या गारठलेल्या फरशीकडे.

"जरा वेळाने उठतो गं."

उमाक्का पहार आणायला धावली. परतली तेव्हा डोणी काठोकाठ भरली होती, पण त्यात पाणी नव्हतं. वर गुळगुळीत पांढरा दगड होता. तिने त्यावर तळहात टेकला. दगड कोमट होता, आणि आत कुणीतरी सुखाने सुस्कारा सोडला.

तात्पर्य: वाईट सवय अंगवळणी पडली, की तिच्यातून सुटावंसंच वाटत नाही, म्हणून तिचा थर पातळ असतानाच तो खरवडून काढावा.