आवडाई आणि तिच्या पाठीवरचा म्हादू

फार वर्षांपूर्वी, आपल्या घाटाला गाडीरस्ता नव्हता आणि मीठ माणसांच्या डोक्यावरून वर चढत होतं, तेव्हाची ही गोष्ट. खाली आपली खारवली, वर देशावरचं उंबरगाव, आणि मधे हा डोंगर. वर जायला एकच पायवाट. ती इतकी अरुंद की समोरून बकरी आली तर माणसानं कड्याला पाठ लावून उभं राहायचं. खारवलीच्या बायका मिठाच्या पाट्या डोक्यावर घेऊन एकीमागे एक चढायच्या, वर मिठाच्या बदल्यात नाचणी घ्यायच्या आणि दिवस बुडायच्या आत खाली उतरायच्या. मीठ गेलं नाही तर नाचणी येत नसे, आणि नाचणी आली नाही तर चूल पेटत नसे.

त्या बायकांच्या ओळीत आवडाई होती. तेव्हा तिला आवडाई कोण म्हणतंय, नुसती आवडी. ती एकावर एक दोन पाट्या घेऊन चढायची आणि वर गाणंही म्हणायची, असं म्हणतात. पलीकडच्या आळीतले लोक तीन पाट्या म्हणतात. त्यांच्या आळीत सगळंच एकानं जास्त असतं.

आवडीचा नवरा गलबतावर खलाशी होता, तो पावसाच्या तोंडावर घरी यायचा. घरात सासू सोनाई. तिचे डोळे गेलेले. आणि तिसरा म्हादू, आवडीचा मुलगा, दोन वर्षांचाही झाला नव्हता. हे पोर ज्या दिवशी चालायला शिकलं त्याच दिवशी पळायला शिकलं. सोनाईनं त्याला दोरीनं खांबाला बांधलं, तर त्यानं ती दोरी सोडून कोंबडीच्या पायाला बांधली आणि आपण पसार झाला, असं म्हणतात. एकदा तो खाडीच्या चिखलात सापडला. एकदा गुरवाच्या घरी, नैवेद्याच्या ताटात बसलेला. आणि एकदा विहिरीच्या कठड्यावर, पाय आत सोडून. त्या दिवशी आवडीच्या तोंडचं पाणी पळालं.

तुम्ही म्हणाल, मग पाठीवर बांधून न्यायचं की. तान्ही पोरं बायका बांधून नेतच होत्या. पण घाटाचा एक रिवाज होता. अर्ध्या वाटेवर, वळणावर, वाघजाईचा शेंदूर लावलेला दगड आहे. ज्याला पाय फुटले त्यानं तिच्यासमोरून आपल्या पायांनी जायचं. चालतं पोर कुणाच्या पाठीवर बसून गेलं तर देवी रागावते आणि वाट मोडते, असं सगळे मानायचे. म्हणून पोर चालायला लागलं की त्याला घरी ठेवायचं, नाहीतर आईनं घाट सोडायचा. ज्यांच्या घरी नणंदा-जावा होत्या त्यांचं भागायचं. आवडीच्या घरी पोराला राखायला फक्त आंधळी सोनाई.

आवडीच्या माहेरून निरोप आला, की पोराला आमच्याकडे धाडा, जरा जाणतं झालं की न्या. माहेर खाडीपल्याड, लांब. आवडीनं निरोप ऐकला, पण पोराला धाडलं नाही. पोर जाणतं होईपर्यंत आईला विसरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला म्हादू घरात हवा होता आणि नाचणीही घरात हवी होती. दुसऱ्या दिवशी ती उठून वाघजाईची पूजा करणाऱ्या लखू गुरवाकडे गेली.

"गुरवबाबा, पोराला मी वळणापातूर पाठीवर नेते," ती म्हणाली. "तिथं उतरवते. तो चालत देवीम्होरून जाईल, मग परत घेते. देवीचं बी राहील नि माझं बी."

लखू गुरव वाईट माणूस नव्हता, पण त्याला कशाचीच घाई नसायची. त्यानं पान तोंडात घातलं, सावकाश चघळलं, आणि मग बोलला.

"ने. पन मी वळणावर उभा ऱ्हाईन. पोराचा पाय भुईला लागला नाय, तर मीठ सोडायचं, नायतर पोर म्हायेरी धाडायचं. वाट तुझ्या एकटीची नाय, समद्या गावाची हाय."

आवडी बरं म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

आता बांधायचं कसं, हा प्रश्न आला. तान्हं पोर कसंही बांधलं तरी गप पडून राहतं. म्हादू काय गप पडणारा होता? आवडीला बांधाबांध ठाऊक होती ती मिठाची. तिनं जुनं लुगडं फाडून धडपा केला, त्यात म्हादूला पाय जुळवून घातलं, गच्च आवळलं आणि मिठाच्या बोचक्यासारखी वर गाठ मारली. मीठ हलत नाही. म्हादू हलला. उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत तो खालून सरकून बाहेर आला आणि पळाला, आणि आवडी रिकामं बोचकं पाठीवर घेऊन तशीच अंगणात चालत राहिली. शेजारच्या बायका हसून हसून खाली बसल्या.

सोनाईला दिसत नव्हतं, पण हसू ऐकू येत होतं. ती म्हणाली, "आन त्याला हिकडं. पोराला बूड असतं गो. मिठाला नसतं."

म्हातारीनं म्हादूला चाचपलं. वाकलेल्या आवडीच्या पाठीवर त्याला उंच बसवलं, इतकं उंच की त्याला आईच्या खांद्यावरून पुढचं दिसावं. त्याच्या दोन्ही तंगड्या आईच्या कमरेभोवती टाकल्या. धडपा एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पसरला, बुडाखाली नीट खोचला, वरची कड खांद्यांपर्यंत ओढली. मग दोन्ही टोकं पुढे आणून छातीवर गाठ मारली.

"गाठ तुज्या नजरंसमोर हवी," ती म्हणाली. "मागं मारलीस तर ह्यो सोडील. हात त्याचे बाहीर ऱ्हाऊ दे. हात कोंडलेस तर डोस्क्यावर घेईल समदं घर."

म्हादूनं खांद्यावरून पुढे पाहिलं. त्याला आईच्या उंचीवरून जग दिसलं, आणि तो गप झाला. त्या शांततेला शेजारणी घाबरल्या, असं म्हणतात.

दुसऱ्या सकाळी ओळ निघाली. आवडी सगळ्यांत पुढे. लखू गुरव आधीच जाऊन वाघजाईजवळ उभा राहिला होता. आवडीच्या डोक्यावर मीठ, पाठीवर म्हादू. म्हादू वाटेतलं सगळं सांगत होता. माकड, पान, दगड, परत माकड. मागून येणाऱ्या बायकांची करमणूक होत होती. आवडी मनात एकच घोकत होती, वळणावर उतरवायचं, चार पावलं चालवायचं, मग पोर माझं. चढ वाढला तसा म्हादूचा आवाज बारीक होत गेला. आईची पाठ डुलत होती, ऊन पाठीवर आलं होतं, आणि पोट भरलेलं होतं. नेमकं वळण आलं आणि म्हादूचं डोकं आवडीच्या मानेवर पडलं. पोर झोपलं.

लखू गुरवानं पाहिलं. मागच्या बायकांनी पाहिलं.

"उठीव त्याला," गुरव म्हणाला.

आवडीनं मान तिरकी करून बघितलं. म्हादूच्या तोंडातून तिच्या खांद्यावर लाळ गळत होती. त्याला उठवलं असतं तर तो रडत उभा राहिला असता, एखाद्या वेळेस चार पावलं पडलीही असती, आणि सगळं निभावलं असतं. पण तिला ते करवेना. तिनं पाटी उतरवली आणि देवीसमोर बसली. पोर पाठीवर, म्हणून टेकता येत नव्हतं. गुडघ्यांवर कोपरं ठेवून ती पुढे वाकून बसली.

"देवी बी आईच हाय," ती म्हणाली. "झोपलेल्या लेकराला उठवून रडत म्होरं उभं केलेलं तिला रुचायचं नाय. तो आपनहून उठंल तवा चालंल."

वाट अरुंद. आवडी बसल्यावर पुढे कुणाला जाता येईना. बायका मागे अडकल्या. कुणी म्हणालं, चिमटा काढ. कुणी म्हणालं, पाणी शिंपड. चिमी नावाची एक तर म्हणाली, "आता पाट्या उतरवल्या तर चढवायच्या कुनी? ह्याचा बाप येनार हाय गलबतावरनं?" पण करणार काय, एकेक करत सगळ्या बसल्या. गुरवही बसला. कोणी म्हणतात, दुपार कलेपर्यंत पोर झोपलं. पलीकडच्या आळीत विचाराल तर तीन दिवस सांगतील.

आणि मग वरून आवाज झाला. वळणाच्या पुढचा अख्खा कडा सुटला. झाडं, दगड, माती, सगळं वाटेवरून खाली दरीत गेलं, आणि वाटही गेली. धूळ बसायला वेळ लागला. धूळ बसली तेव्हा बायकांनी पाहिलं, की ओळ चालत राहिली असती तर त्या सगळ्या त्याच जागी असत्या. चिमीनं आपल्या पाटीला घट्ट मिठी मारली होती.

त्या आवाजानं म्हादू जागा झाला. त्यानं डोळे चोळले, समोरच्या खिंडाराकडे बघितलं आणि म्हणाला, "धप्प."

आवडीनं छातीवरची गाठ सोडली. म्हादू उतरला. झोपेतून उठलेली पोरं चालतात तसा तिरका तिरका वाघजाईपर्यंत गेला आणि तिच्या दगडावर हात आपटून हसला. सगळ्यांना वाटलं, आता गुरव काय बोलतो. लखू गुरवानं डोक्याचं मुंडासं काढलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पाय लागला," तो म्हणाला. "आनि ऐका. चालतं पोर पाठीवर आणल्यालं देवीला खपत नसतं, तर तिनं ह्याला जागं ठेवलं असतं, नि आपन समदी म्होरं जाऊन त्या कड्याखाली असतो."

त्या दिवसापासून रिवाज बदलला. पुरुषांनी वरच्या अंगानं नवी वाट काढली, आणि त्या वाटेनं खारवलीच्या बायका चालती पोरं पाठीवर बांधून चढू लागल्या. बांधायला शिकायला सगळ्या सोनाईच्या अंगणात जमायच्या. आवडीचा धडपा घामानं आणि मिठानं इतका कडक झाला की घरी आल्यावर सोडला की कोपऱ्यात आपला आपण उभा राहायचा, असं म्हणतात. मिसरूड फुटेपर्यंत ती म्हादूला पाठीवर नेत होती, असंही म्हणतात. म्हादू म्हातारपणी शपथेवर नाही म्हणायचा. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

आता मीठ ट्रकनं येतं. पण माघात एक दिवस अख्खी खारवली जुन्या वाटेनं वळणापर्यंत जाते. गावातली सगळी नव्यानं चालायला लागलेली पोरं पाठीवर असतात, आईच्या, बापाच्या, मुंबईहून आलेल्या काकांच्याही. गाठ छातीवर. वळणावर सगळे बसतात. एखादं पोर झोपलेलं असेल तर ते उठेपर्यंत कुणी हलत नाही, आणि त्या दिवशी त्या जागी कुणी कुणाला "उठव" म्हणत नाही.

एरवीही आमच्या थांब्यावर पाठीवर झोपलेलं पोर घेऊन कुणी बाई एसटीत चढायला आली, की गाडी थांबते. गाठ सोडून पोराला न उठवता मांडीवर घ्यायला वेळ लागतो. नवा कंडक्टर असला तर घड्याळाकडे बघतो आणि बेलच्या दोरीला हात घालतो. मग पुढच्या बाकावरचं कुणीतरी म्हणतं, "मास्तर, जरा बसा," आणि त्याला आवडाईची गोष्ट सांगायला लागतं. ती संपेपर्यंत पोर मांडीवर आलेलं असतं, झोप न मोडता.