आवाजाची कमाल मर्यादा

"अजून वाढवू का, चाचा?"

दस्तगीरचाचांनी मान हलवली. नको.

निवासला ते खरं वाटेना. मोबाइलमध्ये आवाजाला घातलेली कमाल मर्यादा त्याने आत्ताच काढून टाकली होती. कानांना इजा होईल अशी सूचना पडद्यावर आली, तीही त्याने बोटाने बाजूला सारली. बिनवायरचे हे नवे इअरबड्स त्याने खास चाचांसाठी आणले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कानांना एवढा आवाज लागणारच.

दुपार कलली होती. आढ्याला टांगलेले भोपळे उन्हात आपल्याच नादात सावकाश फिरत होते.

निवास सहा वर्षं चाचांच्या हाताखाली तंबोरे घडवायला शिकत होता. भोपळा कोरणं, दांडी बसवणं, सगळं त्याच्या हातात बसलं होतं. राहिली होती ती जवारी. तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीचा माथा केसभर घासायचा, की तिच्यावरची तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते. चाचांनी एकदा होकार दिला, की ते काम कायमचं त्याचं होणार होतं.

पण चार वेळा त्याने घोडी घासून दिली आणि चारही वेळा चाचांनी तंबोरा परत केला. तार त्याला दबलेली वाटायची, म्हणून तो आणखी घासायचा. चाचा म्हणायचे, फार झालं.

म्हातारा बहिरा झालाय, असं निवासने ठरवून टाकलं. हाक मारली तर ओ देत नाही. मग त्याने आपला तंबोरा मोबाइलवर रेकॉर्ड केला. एकदा नीट कानात जाऊ दे, मग बघू काय म्हणतात.

"कमी कर," चाचा म्हणाले.

त्याने एक घर कमी केलं.

"अजून..."

तो खाली उतरत गेला. चाचा डोळे मिटून बसले होते. शेवटचं एकच घर उरलं, तेव्हा त्यांचा चेहरा निवळला.

"हं. आता आला."

निवासला हसू आलं. चाचांनी एक बड काढून त्याच्या कानात बसवला.

त्याने श्वास रोखला. काहीच नाही... कानात फक्त ती बारीक शीळ. दिवसभर मोठ्याने गाणी लावून भोपळे कोरताना ती कधी जडली, ते त्यालाच आठवत नव्हतं.

चाचांचं बोट मात्र गुडघ्यावर हललं. थांबून पुन्हा हललं.

निवासने पडद्याकडे पाहिलं. खर्जाची तार आली की सरकती रेघ उंच उडत होती, आणि नेमकं तेव्हाच बोट उठत होतं. एकदाही चुकलं नाही.

त्याने कानातला बड काढला.

"मग मी हाक मारतो तेव्हा..."

"तू दारातून ओरडतोस," चाचा म्हणाले. "मला वाटतं, शेजारच्या गल्लीत कुणाला बोलावतोयस."

निवासने खाली मान घालून विचारलं, की माझी घोडी खरंच जास्त घासली गेली का. चाचांनी कोरी घोडी आणि कानस त्याच्यापुढे ठेवली, आपला जुना तंबोरा मांडीवर घेतला आणि सांगितलं, की या तारेचा आवाज संपला की कानस उचल. आजपासून जवारी तुझी.

मग त्यांनी खर्ज छेडला.

आवाज खोलीभर पसरला. उन्हातले धूळकण, भोपळ्यांच्या सावल्या, सगळं त्याच्यावर तरंगू लागलं. निवासला वाटलं, आपणही जमिनीवर बसलेलो नाही... हळूहळू आवाज लांब गेला, पाण्यात उतरल्यासारखा. विरला.

या वेळी घाई करायची नव्हती. निवास थांबला. आणखी थोडा थांबला. मग त्याचा हात कानशीकडे गेला.

चाचांनी अलगद त्याचं मनगट धरलं.

"संपला, चाचा," तो पुटपुटला.

चाचा डोळे मिटूनच होते...

"तुझ्यापुरता."