कुंपणापलीकडचा षड्ज

"मग कमी काय आहे माझ्या गाण्यात, बाई?"

रत्नप्रभाबाई उत्तर द्यायच्या भानगडीत पडल्या नाहीत. त्या खिडकीशी उभ्या होत्या. खाली समुद्र होता, आणि समुद्राच्या अगदी काठाला, काळ्या खडकांमधून, पांढरी वाफ वर येत होती.

"केतकी, ते बघ. समुद्राला कोणीतरी चहा ठेवलाय."

केतकीने बघितलं, आणि तिचा प्रश्न अर्ध्यावरच राहिला.

"बाई, तोच गरम झरा. अगदी समुद्राला लागून. आणि इकडे आपल्या सज्जात लाकडी हौद, बघा ना, खास आपला. आणि ही चटई, हिला तातामी म्हणतात, तिच्यावर पायांत काही घालून चालायचं नाही. आणि रात्री गाद्या ते स्वतः येऊन घालणार."

"मोठं हॉटेल दिसतंय."

"हॉटेल नाही म्हणायचं. रयोकान."

"बरं."

मिरजेच्या रत्नप्रभाबाई पहिल्यांदाच जपानात गायला आल्या होत्या. शहरातला कार्यक्रम आदल्या दिवशी पार पडला होता. तिथे त्यांचं गाणं ऐकून या रयोकानच्या मालकीणबाई, ताकेउची-सान, मंचामागे येऊन वाकून उभ्या राहिल्या होत्या. दोन दिवस आमच्याकडे विसावा घ्या, आणि जमलं तर एका सकाळी पाहुण्यांसाठी थोडं गा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

ती सकाळ उद्याची.

आणि येताना गाडीत बाई सहज म्हणून गेल्या होत्या, "माझा दम आता समुद्राला पुरायचा नाही. उद्या तू गातेस का, बघू."

त्या एका 'बघू'वर केतकी दिवसभर तरंगत होती. इतकी वर्षं ती बाईंच्या मागे तानपुरा घेऊन बसली होती. लोकांसमोर पुढे बसून गायची वेळ कधी आलीच नव्हती. आणि आली तर कुठे यावी... इथे, समुद्रासमोर. तिला हसू आवरत नव्हतं.

तिने तिथेच, चटईवर मांडी घालून, भैरवाचा षड्ज लावला. लांब, गोल, कुठे ओरखडा नाही.

बाई वळल्या.

"कोणाचा गं हा?"

"तुमचा." केतकीचा चेहरा फुलला. "पुण्यात माझा रियाज ऐकणारे म्हणतात, डोळे मिटले की बाईच गातायत असं वाटतं. हुबेहूब. मी श्वाससुद्धा तुम्ही घेता तिथेच घेते."

"तिथेच?"

"अगदी तिथेच. कधी चुकत नाही."

बाईंनी हिरव्या चहाची वाटी उचलली. एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. आणखी एक घेतला.

"मग मीच गाईन की. आहे अजून मी."

...

केतकी मांडी मोडून उठली.

"म्हणजे... नाही गाऊ मी?"

"अगं, आपण इथे कशाला आलो आहोत? आधी पाण्यात चल."

पाण्याचे नियम केतकीला पाठ होते. विमानात सगळा वेळ तिने तेच वाचलं होतं. ती सांगत सुटली. आधी बाहेर, छोट्या स्टुलावर बसून, साबण लावून स्वच्छ अंग धुवायचं. मग पाण्यात उतरायचं. हातातला छोटा टॉवेल पाण्याला लागू द्यायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. उडी मारायची नाही, पोहायचं नाही.

"आणि हा जो सुती झगा दिलाय ना, युकाता, याची डावी बाजू वर घ्यायची. उजवी वर आली तर..."

"तर?"

"मेलेल्या माणसाला तसा घालतात."

बाईंनी मान खाली घालून बघितलं. त्यांची उजवी बाजू वर होती.

"अजून अवकाश आहे त्याला," बाई म्हणाल्या, आणि बाजू बदलली.

खोल्यांमधल्या बोळात ताकेउची-सान भेटल्या. कमरेत वाकल्या आणि मऊ आवाजात बरंच काही बोलल्या. केतकी पुण्यात चार परीक्षा देऊन जपानी शिकलेली. तिला सगळं कळलं असतं. पण तिच्या कानात 'मग मीच गाईन की' एवढंच वाजत होतं. ती नुसती "हाय, हाय", म्हणजे हो हो, करत मान हलवत राहिली.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही, बाई. या, बसा, आराम करा. डावीकडचं दार बायकांचं."

दोन दारं शेजारी शेजारी होती. डावीकडे लाल पडदा, उजवीकडे निळा. केतकीने पडद्यावरचं अक्षर बाईंना बोट ठेवून शिकवलं. हे 'बाई'चं अक्षर. बाईंनी कौतुकाने मान डोलवली.

आत कपडे ठेवायच्या वेताच्या टोपल्या होत्या. तिथे पोचल्यावर मात्र केतकीचा उत्साह जरा आखडला.

"बाई, इथे... काहीच घालत नाहीत."

"माहीत आहे. तूच तर सांगत होतीस मघाशी."

"हो, पण सगळ्यांसमोर."

"आमच्या घरी एक न्हाणीघर आणि पाच बहिणी. सरक."

आणि बाई, सत्तरी उलटलेल्या, पाठीला किंचित बाक आलेल्या, तो छोटा टॉवेल डोक्यावर ठेवून राणीसारख्या चालत पाण्यात उतरल्या.

खडकात कोरलेलं ते कुंड होतं. उजव्या बाजूला उंच बांबूचं कुंपण, समोर काही नाही. नुसता समुद्र. लाट फुटली की तिचे गार थेंब गरम खांद्यांवर पडायचे. पाणी ओठाला खारट लागत होतं आणि त्याला विझलेल्या फुलबाजीसारखा वास होता. केतकीला एकदम वाटलं, आपण कोणाच्या तरी तळहातावर बसलो आहोत. तिला रडू येईल की काय असं झालं, इतका आनंद.

"असं पाणी मिरजेत असतं," बाई डोळे मिटून म्हणाल्या, "तर मी गाणं शिकलेच नसते."

"बाई, उद्या मी सुरुवात कशी करणार आहे, सांगू? आधी मंद्रात, अगदी खालच्या सुरांत..."

"आत्ता शिजतेयस ना? शीज."

"पण उद्याचं काय ते एकदा..."

"उद्या सूर्य वर यायच्या आत इथे ये. इथेच सांगेन."

रात्रीच्या जेवणाला वीतभर वीतभर ताटल्या आल्या. एकीत टोफू, एकीत कमळकाकडीची चकती, एकीत नुसतं एक पान. बाईंनी टोफू दोनदा मागून घेतला आणि पान कशासाठी आहे ते विचारलं. बघण्यासाठी, असं केतकीने सांगितलं. बाईंनी ते बराच वेळ बघितलं, आणि मग खाल्लं.

केतकीचं जेवणात लक्ष नव्हतं. उद्याचा पहिला सूर ती मनात लावत होती. पुसत होती. पुन्हा लावत होती.

पहाटे तिला जाग आली तेव्हा बाईंची गादी रिकामी होती.

उशीर झाला. केतकी ताडकन उठली. युकाता गुंडाळला, डावी बाजू वर आहे ना ते दोनदा चाचपलं, आणि बोळातून जवळजवळ पळत निघाली. पाय चालत होते आणि ओठ न हलवता गाणं चालू होतं. षड्ज. बाईंसारखा. कोमल ऋषभ. बाई डोलवतात तसाच. श्वास... इथे.

डावीकडचं दार. मान खाली घालून तिने पडदा सारला.

आत कोणी नव्हतं. एका टोपलीत एक झगा नीट घडी करून ठेवलेला होता. बाईंचाच असणार. त्या आधीच पाण्यात गेलेल्या. झगा उतरवण्याआधी एकदा समुद्र तर बघू, म्हणून तिने काचेचं सरकतं दार उघडलं आणि दोन पावलं बाहेर टाकली.

वाफच वाफ होती.

"बाई, मी आले. सांगा आता," ती म्हणाली.

वाफ जरा सरकली. पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेले एक आजोबा बसले होते. टकलावर टॉवेलची घडी. त्यांनी अदबीने मान झुकवली.

"ओहायो गोझाइमास," त्यांनी सुप्रभात म्हटलं.

केतकीच्या तोंडून जे निघालं, ते कुठल्या परीक्षेत शिकवलेलं नव्हतं. ते पोटातून आलं, सरळ वर गेलं, बांबूच्या कुंपणावरून पलीकडे आणि समुद्रावर दूरपर्यंत. आजोबा इतके दचकले की त्यांच्या डोक्यावरचा टॉवेल पाण्यात पडला.

लाटसुद्धा फुटायची थांबल्यासारखी वाटली.

कुंपणापलीकडून आवाज आला.

"कोणाचा गं हा?"

"माझा..." केतकी भिंतीला पाठ लावून, दोन्ही हातांनी डोळे झाकून उभी होती. "मीच आहे, बाई. केतकी."

...

"पुन्हा लाव बघू."

"बाई, मी पुरुषांच्या बाजूला आहे."

"असू दे."

"इथे एक आजोबा आहेत."

"त्यांना विचार, चालेल का."

आजोबांना त्यातलं काही कळलं नसावं. पण त्यांनी सभ्यपणे पाठ फिरवली होती आणि ते क्षितिजाकडे बघत बसले होते. बुडालेला टॉवेल त्यांनी तसाच राहू दिला होता.

केतकीने तोंड उघडलं. मिटलं.

"नाही येत, बाई."

"नाहीच यायचा," पलीकडून बाई खुशीत म्हणाल्या.

केतकी बाहेर पळाली ती थेट ताकेउची-सानच्या अंगावर आदळली. ओरडणं ऐकून त्या धावत आल्या होत्या. त्यांनी खूप माफी मागितली, आणि मग हळूच वर बोट दाखवलं. डावीकडे आज निळा पडदा होता. लाल उजवीकडे. रोज रात्री पडदे बदलतात, त्या म्हणाल्या, म्हणजे इथे उतरलेल्या प्रत्येकाला दोन्ही कुंडांचं पाणी मिळतं. काल संध्याकाळी बोलले होते मी... असं म्हणून त्यांनी तोंडावर हात धरला. हसू लपवायला की काय, ते केतकीने बघितलं नाही.

ती उजवीकडे गेली. यावेळी अक्षर वाचून. नियमाप्रमाणे अंग धुतलं आणि बाईंच्या शेजारी पाण्यात हनुवटीपर्यंत जाऊन बसली.

"तुम्हाला कसं कळलं, बाई, पडदे बदललेत ते?"

"मला कुठे काय कळतं. समोर आलं ते बघितलं."

समुद्राच्या कडेला केशरी रेघ उमटत होती.

"बाई, तुम्ही सांगणार होतात. गायचं की नाही ते."

"आजचं पाणी कालच्याहून गरम आहे."

"बाई..."

"नाही का?"

केतकीने पाण्यात हात फिरवला. होतं. कालच्याहून गरम होतं. तिला वाटलं, संपलं. असं किंचाळून सगळी आळी जागी करणाऱ्या मुलीला कोण पुढे बसवणार.

गाण्यासाठी मांडलेल्या दालनात उन्हं आली तेव्हा समुद्राकडची सगळी दारं सरकवून ठेवली होती. पाहुणे आपापल्या झग्यांत चटईवर येऊन बसत होते. केतकीने रोजच्या सवयीने तानपुरा जुळवला आणि मागच्या आसनाकडे निघाली. जुळवताना तिचे हात आज कापत नव्हते. तानपुऱ्यावर बसायचं असलं की ते कधीच कापत नसत.

बाई आल्या. तिच्याजवळ थांबल्या. आणि काही न बोलता त्यांनी तानपुरा तिच्या हातातून काढून घेतला.

मग त्या स्वतःच मागच्या आसनावर जाऊन बसल्या. गुडघा जरा वेळ घेत होता, तो सावकाश दुमडला. तानपुरा खांद्याला टेकवला.

केतकी उभीच.

"बाई, ती माझी जागा आहे."

"होती. पुढे बस."

"पण तुम्ही माझ्या मागे... असं कसं... लोक काय म्हणतील?"

"त्यांना मराठी येत नाही. बस."

केतकी पुढे जाऊन बसली. तिने समोर बघितलं. पहिल्याच रांगेत, धुवून विंचरून, सकाळचे आजोबा बसले होते. त्यांनी अदबीने मान झुकवली.

केतकीच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. मंद्रातली सुरुवात गेली. डोलणारा ऋषभ गेला. श्वास कुठे घ्यायचा, ते तर कधी ठाऊकच नव्हतं असं होऊन गेलं. राहिला फक्त समोरचा समुद्र, आणि छातीत चाललेली ती धडधड, जी सगळ्या दालनाला ऐकू जात असणार.

ती मागे वळली.

"बाई, मला काही आठवत नाहीये."

बाई तारा छेडत होत्या. एक... दोन... तीन... चार. पुन्हा पहिली.

"काहीच?"

"काहीच नाही. तुम्ही कशी सुरुवात करता, तेसुद्धा."

"भीती वाटतेय?"

"खूप."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"मग ती जायच्या आत सुरू कर."