बर्फावरचा बोर्ड

"…मग आता या गाडीत बदलायचं राहिलंय तरी काय, उस्ताद?"

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला बाबालाल उस्तादांचं जुनं गॅरेज. दारातल्या स्टुलावर बसून ते समोरच्या पिकअपकडे बघत होते.

विचारणारा जोतिराम. आठ वर्षं त्यानं याच गॅरेजात पाने उचलले. तीन महिन्यांपूर्वी मात्र, अंदाजानं गाड्या बऱ्या करायचे दिवस गेले, असं उस्तादांनाच सुनावून तो बाहेर पडला. चिपळुणात स्वतःचं गॅरेज टाकलं, गाडीला जोडून बिघाड शोधायचं यंत्र आणलं. आज ते यंत्र काखेत मारून पठ्ठ्या पुन्हा याच दारात उभा होता.

पिकअप पालशेतच्या सुगंधाबाईंची. मासळी घेऊन कराडला जायची. तिसऱ्या वळणावर तापमानाचा काटा लाल पट्टीत, बॉनेटमधून वाफ, आणि मागं बर्फाचं पाणी. तीन वेळा असं झालं. तीन वेळा जोतिरामनं छातीवर हात ठेवून गाडी परत दिली होती.

चौथ्यांदा बाई स्वतःच गाडीबरोबर आल्या होत्या, मासळी भरून. आज घाट चढला नाही, तर किल्ली दुसऱ्या मिस्त्रीकडे जाईल आणि बंदरावरच्या सगळ्या पिकअपही तिकडंच जातील, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. त्या केबिनमध्ये तोंड फिरवून बसल्या होत्या. नव्या गॅरेजचं बरंवाईट आज या बाईंच्या हातात होतं आणि जोतिरामला ते पुरतं कळत होतं.

"थर्मोस्टॅट नवा. वॉटर पंप नवा. हेड गॅस्केट बदललं, पंख्याचा पट्टा बदलला." जोतिराम कावला होता. "यंत्र म्हणतं, सगळं ठीक आहे. बघा ना, अर्धा तास चालू आहे, काटा जागचा हलत नाही. गॅरेजात कधीच तापत नाही. घाटातच हिला काय होतं?"

"पहिल्यांदा कधी तापली?"

"रेडिएटर गळत होता, तो झाळून दिला. दुसऱ्या दिवशी."

"त्या दिवशी गाडीला काय काय लावलंस?"

जोतिरामनं पाठ म्हणावा तसं सांगितलं. एक होज पाइप, दोन क्लिपा, कूलंट. बस.

उस्तादांनी भिंतीकडे पाहिलं… बराच वेळ पाहिलं.

भिंतीला तीन फुटी पत्र्याचा बोर्ड टेकवलेला होता. लाल रंगावर पिवळी अक्षरं : जोतिराम ऑटो वर्क्स, एकदाच या. नव्या गॅरेजातून बाहेर पडलेली ही पहिली गाडी, म्हणून त्यानं हौसेनं तो तिच्या तोंडावर, जाळीला तारेनं बांधला होता. काम काढलं की आधी तो सोडायचा, ओरखडा नको म्हणून त्यावर स्वच्छ फडकं टाकायचा, आणि काम झालं की पुन्हा बांधायचा. आजही आल्या आल्या त्यानं तेच केलं होतं. सुगंधाबाईंनी मघाशी 'एकदाच या' मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि ही कितवी वेळ, असं विचारलं होतं.

उस्ताद उठले. गुडघे धरत पिकअपच्या हौद्यात चढले आणि मासळीच्या खोक्यापाशी थांबले.

"चल. घाट चढव."

"पण उस्ताद, काम काय करायचं ते…"

"बर्फावर मला बसवत नाही. तो बोर्ड दे."

जोतिरामला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

"उस्ताद, त्याच्यावर माझं नाव आहे."

"बघितलं मी. रुंद आहे, बरा आहे बसायला."

आत सुगंधाबाईंनी हॉर्न दाबला. बर्फ वितळत होता. जोतिरामनं दात खात बोर्ड वर दिला. उस्तादांनी तो खोक्यावर आडवा टाकला, फडकं झटकून खांद्यावर घेतलं आणि ऐसपैस बसले.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला जोतिरामचा डोळा रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त. सुगंधाबाईंनी त्याला पुढं बघायला सांगितलं.

काटा मधोमध होता.

चौथं, पाचवं, सहावं… पुढं मोजायचं तो विसरला. घाटमाथ्यावर त्यानं गाडी कडेला घेतली, उडी मारून बॉनेट उघडलं, वाकून बघितलं, हात फिरवला. कुठं थेंब नाही, वाफ नाही. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण त्याचं डोकंच उठलं.

"काय केलंत उस्ताद? एकदा सांगा तरी."

"मी? मी बसून होतो."

"गंमत पुरे झाली. माझं गॅरेज पणाला लागलंय."

उस्ताद सावकाश उतरले आणि बोर्ड त्याच्या हातात दिला. पत्रा गारठून ओला झाला होता. सुगंधाबाईंनी खोक्याचं झाकण उचलून पाहिलं. बर्फ शाबूत होता. कराडचा बाजार गाठायचा तर निघायला हवं, असं त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच मऊ होता.

जोतिरामनं बॉनेट पाडलं. बाहीनं अक्षरं पुसली. खिशातून तार काढली आणि नेहमीसारखा तो गाडीच्या तोंडाशी गेला.

माथ्यावर वारा होता. बोर्ड जाळीसमोर धरताच तो वाऱ्यानं हातात थडथडला. जोतिरामनं तो घट्ट दाबून बसवला. थडथड थांबली.

त्यानं बोर्ड बाजूला केला. वारा जाळीतून थेट आतल्या रेडिएटरवर शिरला. पुन्हा समोर धरला… पुन्हा बाजूला केला.

तार हातातच राहिली. तीन महिन्यांत बदललेला एकेक पार्ट त्याच्या डोळ्यांसमोरून गेला असावा. कानापर्यंत तो लाल झाला होता. केबिनमधून बाई बघत होत्या.

त्यानं खाली बघत विचारलं, "मग हा कुठं लावू, उस्ताद?"

उस्ताद पुन्हा हौद्यात चढत होते. त्यांनी मागच्या फाळक्यावर थाप मारली.

"इथं. आधी गाडी पुढं जाऊ दे, मग वाचतील लोक."